घरी भरायचा फॉर्म

तीर्थरूप बाबा,

मागच्या पत्रात मी लिहिलं की कुशच्या डोक्याला एकदाच मार बसला. ते चूक होतं, तीनदा बसला. इथल्या अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल हातात घेऊन धावण्याचा शाळेचा विक्रम त्याने मोडला, त्या दिवशी गाडीत तो म्हणाला, "ताई, आपण जिंकलो का?"

तब्येतीचा फॉर्म नेहमीसारखा मीच भरला. कुश म्हणाला, "त्रास नाही असं लिही ना, प्लीज. शुक्रवारी कॉलेजचे कोच त्यांच्या संघासाठी खेळाडू बघायला येणारेत." मी लिहिलं, आईने न वाचता सही केली.

'खाडाखोड चालेल, खोटं नको,' हे तुम्हीच गिरवून घेतलंत. पण पुण्यात तुम्ही सगळ्यांना त्याचा व्हिडिओ दाखवता, म्हणून हे पत्र पाठवणं होत नाही.

तिन्ही मार लिहिलेला खरा फॉर्म मी शाळेत देणार आहे, उद्या, गुरुवारी, तेरा नोव्हेंबरला.

तुमची,
अनिका