दोन मिक्सर आणि खालच्या जाऊबाई

मी, खाली सही करणारी, भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांना मिक्सर चालवून दाखवण्यात हयात घालवलेली बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कान थोडे गेले आहेत, तो दोष धंद्याचा. कोणाचे दडपण नाही. असते तरी मी जुमानले नसते, हे घरचे जाणतात.

१. वरचा मजला व बँकेतील ठेव मुलाला आणि सुनेला समसमान. कागदपत्रे सुनेकडे द्यावीत. मुलाकडे दिलेला कागद पुन्हा दिसत नाही.

२. महागडा मिक्सर सुनेला. तिनेच आणला. किंमत ऐकून मी नाक मुरडले होते. मग त्यात बदाम वाटले आणि माझी बोलती बंद झाली. लोण्यासारखे मऊ झाले, भांडे कोमटसुद्धा नाही. झाकण नीट बसल्याशिवाय तो सुरूच होत नाही. एवढी अक्कल आमच्या दुकानमालकाला नव्हती. आवाज इतका कमी, की शेजारी झोपलेला माणूस कूस बदलणार नाही.

३. स्वस्त मिक्सर हा आमच्या दुकानातला सर्वांत हलका माल. झाकण हाताने दाबून धरावे लागते, ओट्यावर तो सरकत जातो, जास्त भरले की रुसतो आणि बुडाचे लाल बटण दाबून समजूत काढावी लागते. बदाम रवाळच राहतात. पण पडला तरी पुन्हा उठतो, याचे मला फार कौतुक आहे.

त्याचा आवाज मात्र जगाला ऐकू जातो. खालच्या मजल्यावर माझ्या थोरल्या जाऊबाई एकट्या राहतात. जिन्याखालच्या जागेवरून आमचा वर्षानुवर्षे अबोला. रोज सकाळी मी मिक्सर लावायचा, त्यांनी खालून छतावर काठी ठोकायची. मला वाटे, शिव्याच घालतात.

महागडा पहिल्यांदा लावला त्या सकाळी काठी वाजली नाही, दार वाजले. दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून जाऊबाई धापा टाकत उभ्या.

"आहेस ना गं?"

"आहे की. का?"

"मग मिक्सर का नाही लावलास? जीव टांगणीला लागला माझा."

"आणि रोज काठी कशाला आपटता?"

"तुला कळावं म्हणून. मीही उठले."

मी तिथेच रडले. तेव्हापासून सकाळी आधी स्वस्तच लावते.

४. जिन्याखालची जागा जाऊबाईंना. ती आधीपासून त्यांचीच होती, असे मात्र मी मानत नाही.

५. स्वस्त मिक्सरही त्यांनाच. त्यांनी तो रोज सकाळी लावावा. वाटायला काही नसेल तर नुसते पाणी घालून. सुनेने आपला नंतर लावावा, आधी कान खाली द्यावा. आवाज आला की जमिनीवर काठी ठोकावी. ती दाराआड ठेवली आहे. आवाज आला नाही, तर हातातले टाकून दोघांनी खाली धावावे. चपला शोधत बसू नये.

साक्षीदार: दुकानातले मिक्सर दुरुस्त करणारे काका (सही). समोरच्या डॉक्टरीणबाई (सही).
ठिकाण: माझे स्वयंपाकघर. दिनांक: पाच मार्च, सकाळ.

लिहिण्याच्या नादात आज उशीर झाला. तळपायांना काठी जाणवते आहे. सही करून उठते, मिक्सर लावायचा आहे.

(सही) वरची जाऊ