टप्पा दुसरा : हाणामारी

३ तारीख, सकाळी ७
सामान हलवणाऱ्या कंपनीत नऊ वर्षं फोन उचलले. आजपासून सुपरवायझर! हाताखाली तिघे: म्हातारबा, लंबू आणि ड्रायव्हर. मालक म्हणाले, महिनाभर बघू, जमलं तर कायम, नाहीतर परत फोनवर. जमणारच. टीमवर्कचं एक दिवसाचं ट्रेनिंग केलंय. टीमचे टप्पे चार: ओळख, भांडण, मेळ, कामगिरी. भांडणाशिवाय मेळ नाही.

५ तारीख
तिघे भांडतच नाहीत. बारा वर्षं एकत्र आहेत म्हणे. जिन्यात खालचा माणूस नुसतं 'हं' म्हणतो, बाकीचे उचलतात. मागासलेली पद्धत. पहिल्याच टप्प्यावर रुतलेत बिचारे. उद्यापासून रोज नऊ ते सव्वानऊ भांडण. सक्तीचं.

६ तारीख
सव्वानऊपर्यंत चहा प्यायले. शेवटी मीच हातभार लावला. लंबूला सांगितलं, म्हातारबा तुला कामचोर म्हणतात. म्हातारबांना सांगितलं, लंबू म्हणतो थेरडा आता घरी बसला तर बरं. थापच. पण टीमच्या भल्यासाठी.

७ तारीख, ९.०५
लंबूने म्हातारबांची गचांडी धरली. म्हातारबांनी असा ठोसा हाणला की लंबूचा दात माझ्या बुटाशी येऊन पडला. सोडवायला गेलेल्या ड्रायव्हरने दोघांचा मार खाल्ला आणि मग जॅकचा दांडाच काढला. रक्त बघून मला गरगरलं. वहीत लिहिलं: उत्तम प्रगती.

११ तारीख
म्हातारबांनी लंबूला कपाटाच्या आरशावर आपटलं. खांद्याला सहा टाके. ही म्हणाली, अहो, माणसं माराल तुम्ही एक दिवस. हिला मॅनेजमेंट कळत नाही. मालकांचे चार फोन आले. घेतले नाहीत.

१४ तारीख
तिसरा मजला, लोखंडी कपाट. तिघांचा अबोला, त्यामुळे कुणी 'हं' म्हणेना. मग वरून मीच ओरडलो, सोडा! लंबूचा हात खाली होता. मला दिसला नाही. बोटं चिरडली. ती किंकाळी अजून कानात आहे.

१४ तारीख, संध्याकाळ
दवाखान्याच्या व्हरांड्यात म्हातारबा रडत लंबूला म्हणाले, थेरडा म्हणालास तरी चालेल रे, पण हात वाचू दे. लंबू म्हणाला, मी कधी म्हणालो? मग तिघांनी माझ्याकडे बघितलं. ड्रायव्हरने व्हरांड्याचं दार लावलं, लंबूने चांगल्या हाताने कॉलर धरली, म्हातारबांनी हाणलं. कोणी काय करायचं हे कुणाला सांगावं लागलं नाही. चौथा टप्पा! तिसरा न येताच!

१७ तारीख
जबडा बांधलाय. मालकांनी परत फोनवर बसवलं, पण बोलता कुठे येतंय?

लंबूची दोन बोटं गेली. म्हातारबा आणि ड्रायव्हर मालकांना सांगून आलेत, तो येईपर्यंत दुसऱ्या कुणाबरोबर उचलणार नाही. हे ऐकून मला फार लाज वाटली. म्हणून दुपारी दवाखान्यात गेलो. दोघे त्याच्या दाराशी बसले होते. मला बघून म्हातारबा उठले. मी डोळे मिटून गाल पुढे केला.

ते म्हणाले, झोपलाय तो. जा तुम्ही, साहेब.

मारलंसुद्धा नाही.