लिफ्ट चालू, भोपळ्याने आत यावं

रविवार, ८ मार्च
दुपार, जेवणं आटोपल्यावर

प्रिय छोटीस,

दादाचे पोटभर आशीर्वाद.

तुझे टाके सुकत आले हे वाचून जिवात जीव आला. खोकताना पोटाशी उशी घट्ट धर. नर्सबाईंनी सांगितलं असेलच, तरी मी सांगतो. जावईबापूंचा बोटीवरून फोन येऊन गेला. इकडे सगळं ठीक. मुंगी मजेत आहे.

हे मागच्या पत्रातही लिहिलं होतं. आज ते खरं आहे.

तेव्हा तुझी लेक नुसत्या दूध-पावावर होती. ताटात हिरवं-लाल काही दिसलं की ओठ असे मिटायची, की पान्यानेही उघडू नयेत. मी गोष्टी सांगितल्या, डोळे वटारले, शेवटी हातापाया पडलो. फ्रॉक तिच्या खांद्यावरून घसरायला लागला. तुझ्या नणंदेने ते पाहिलं आणि फर्मान काढलं, "भाऊ, लिफ्ट सांभाळणं वेगळं नि लेकरू सांभाळणं वेगळं. रविवारी येते. तेव्हाही असंच दिसलं तर मुंगीला माझ्याकडे नेईन." तुला कळवू नका, उगाच घोर लावून घेईल, असंही तीच म्हणाली. बाई वाईट नाही. बरोबर बोलली, त्याचाच राग आला.

मग एकदा मुंगीला लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर नेलं. मी दाराचे रूळ साफ करत होतो, ही समोर बाकावर. एकदम ओरडली, "मामा, लिफ्ट माणसं खाते! आणि खाल्लं की तोंड मिटते!"

छोटे, इतकी वर्षं मी लिफ्टच्या पोटात काढली, कुणी न शिकवता प्रत्येक तार ओळखायला शिकलो, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

घरी आल्याबरोबर सेवा सुरू केली. तोंड म्हणजे दार, पोट म्हणजे तळघर, वाटाणे-गाजरं म्हणजे प्रवासी. लिफ्ट तीच आणि लिफ्टवालीही तीच. "कुठे जायचं?" ती विचारणार. मी गाजराच्या आवाजात सांगायचं, "तळघरात, बाई, जरा घाईत आहे." "घाई चालणार नाही. रांगेत या." घेवड्याची शेंग उंच पडली तर "वाकून या" म्हणून स्वतःच मोडायची. चमचा शिगोशीग भरला की "भार जास्त! एकाने उतरा!" आणि दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, म्हणजे तोंड मिटून चावणं आलंच. पालकसुद्धा गेला!

इथे मी माती खाल्ली. खेळ असला म्हणून खोटा का शिकवायचा? मी तिला तपासणीचे नियमही सांगितले. लिफ्ट दुरुस्तीला घेतली की पाटी लावायची, आणि ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही, कारण खाली माणूस असू शकतो.

काल सकाळी पोरीने माझी 'दुरुस्ती चालू, लिफ्ट बंद' ही पाटी गळ्यात अडकवली आणि दार लावलं. पाण्याचे घोट तेवढे आत सोडले. दूधही परत. संध्याकाळी माझा हात पाटीकडे गेला. ती म्हणाली, "मामा, आत माणूस असला तर?"

हात मागे घेतला. या नियमासाठी मी इमारतीच्या मालकांशी भांडलोय, तो तिच्यापुढे कसा मोडू?

आज मी ताट वाढून कारागिरासारखं विचारलं, "दुरुस्ती झाली का?" तिने मान डोलावली. "मग चालू करायची?" तिने भोपळ्याच्या वाटीकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे. तिने कामावर पाहिलं होतं ना, दुरुस्तीनंतर पहिली फेरी मेकॅनिकची!

माझं नि भोपळ्याचं तुला ठाऊक आहे. आईच्या लाडाने गेला नाही, बाबांच्या छडीने गेला नाही. शाळेत मिळाले तेवढे भोपळे मला पुरे होते. आणि नेमकी तुझी नणंद दारात, हातात मुंगीच्या कपड्यांसाठी रिकामी पिशवी.

मी डोळे मिटून फोड तोंडात टाकली. "मामा, दार लावा!" लावलं. चावली. उतरली खाली. गोड होती गं! कुणाजवळ बोलू नकोस.

मुंगीने पाटी स्वतः काढली, खिळ्याला नीट टांगली आणि आ वासला. "लिफ्ट चालू! भोपळ्याने आत यावं!" वाटी चाटूनपुसून रिकामी. मग घेवडा. मग आत्याच्या हातून गाजर, तेही "सामान किती आणलंय?" अशी झडती घेऊन. नणंदबाई हसून हसून पदराने डोळे पुसत होत्या. निघताना पिशवीची घडी घालून म्हणाल्या, "भाऊ, हरले. आमच्या धाकट्याला पाठवू का चार दिवस? तो फक्त बटाटा ओळखतो."

"खुशाल पाठवा," म्हटलं. छाती अशी फुगली की शर्टाची बटणं सांभाळावी लागली.

ती पिशवी पाहून मी इतका का गारठलो होतो, हे तू विचारशील. विचारू नकोस. मुंगी येईपर्यंत या घरात मी एकच ताट घ्यायचो, तेही उभ्या उभ्या. आता दोन मांडतो, नि समोरून हाक येते, "मामा, रांगेत या."

पुढच्या आठवड्यात सोडतील म्हणतेस. मुंगी तुझी, तुझ्याच घरी जाणार, आणि तेच बरोबर. ठणठणीत होऊन ये. आधी दोघी इथेच राहा. न्यायचं मग बघू, घाई नाही.

तुझी वाट पाहणारा, आणि तू थोडी सावकाश आलीस तरी न रागावणारा,

दादा