बावीस आणि चार

मामा, गेल्या आठवड्यात नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. शाळा अर्धवट सुटलेल्या, पण हातात कसब असलेल्या कामगारांचं काम बघायचं आणि त्यांना तसा दाखला द्यायचा, अशी आता रीतसर सोय आहे. एका बाईंनी वेल्डिंग करून दाखवलं. कुठं शिकलात विचारलं, तर म्हणाल्या, नवऱ्याच्या शेडमध्ये, बघून बघून. त्यांच्या कागदावर शेरा लिहायला मी पेन उघडलं आणि तुम्ही डोळ्यांसमोर उभे राहिलात, खाकी अर्ध्या चड्डीत, डोक्याला पंचा गुंडाळलेले. घरी आल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशीच बोलतोय, म्हणून आता लिहायलाच बसलो.

एकाहत्तर-बहात्तरचा गळीत हंगाम. राहात्याजवळच्या साखर कारखान्यात मी नवा केमिस्ट, बी.एस्सी.ची शाई अजून ओली असलेला, आणि तुम्ही, सगळ्या कारखान्याचे मामा, पॅनवरचे मदतनीस, पन्नाशीला टेकलेले. उसाचा पाक आटवून साखरेचा दाणा धरायचं ते घराएवढ्या उंचीचं बंद भांडं म्हणजे पॅन. आत बघायला त्याला तळहाताएवढी एक काच. मी दिवसभर त्या काचेला नाक लावून उभा. झडप पुसता पुसता तुम्ही म्हणालात, "सायेब, निस्तं बघून काय व्हनार? कान द्या की जरा. पाक बोलतोय." मला राग आला. पण तुमची पाठ वळल्यावर मी कान दिलाच. आधी पातळ खळखळ, मग हळूहळू जड होत गेलेला दबका आवाज. पुस्तकात हे कुठंच नव्हतं.

हंगामाच्या मध्यावर एक पॅनमन दुसऱ्या कारखान्यात गेला आणि जागा मोकळी झाली. मी फॉर्म घेऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही पोत्यांवर बसून भाकरी खाताय. शिक्षण? "दुसरी. तीबी अर्दीच." अनुभव? "हितं चार हंगाम. झडपा पुसायच्या, नमुना काढून द्यायचा." त्याआधी? तुम्ही हसलात. "त्याआदी गुऱ्हाळावर. बावीस वर्सं गुळव्या हुतो. पन ते कशाला लिवताय? ती काय नोकरी न्हाई." मी विचारत गेलो आणि तुम्ही भाकरी विसरून सांगत गेलात: काहिलीतला पाक अंगठ्या-बोटात धरून तार कशी बघायची, चुलवाणातला जाळ कधी मागं ओढायचा, खारवट रानातल्या उसाचा गूळ बसत नाही तेव्हा काय करायचं. जेवणाची सुट्टी संपली तरी माझं लिहिणं चालूच होतं. फॉर्मची पाठही भरली.

ऑफिसातल्या कारकुनानं तो वाचला आणि म्हणाला, "गुऱ्हाळ म्हंजी काय कारखाना हाय व्हय?" फॉर्म बाजूला पडला. तो उचलला आमच्या चीफ केमिस्टसाहेबांनी. फार कमी बोलणारा माणूस. "कागद राहू द्या," ते म्हणाले. "त्यांना एक पॅन उकळू द्या."

ती सकाळ मला अजून दिसते. पॅनच्या मजल्यावर ही गर्दी, कारकूनसुद्धा वर आलेला. तुम्ही झडपेला हात लावून पाया पडता आणि पाक आत घेता. दाणा छान धरतो. अर्ध्यात असताना अचानक वाफ कमी पडते, आणि काचेवर पिठीसारखा बारीक, खोटा दाणा उठतो. तो वाढला तर सगळा माल वाया. शेजारचा पॅनमन ओरडतो, "वाफ सोडा, वाफ." तुम्ही वळूनही बघत नाही. पाक बंद करता, थोडं गरम पाणी आत ओढता आणि भांड्याला कान लावून उभे राहता. "दम धरा," तुम्ही म्हणता. "धाकला दाना इरघळंल. थोरला हाय तिथंच ऱ्हाईल." किती वेळ गेला कोण जाणे. मग नमुना काढून तुम्ही काचेच्या पट्टीवर पसरता, आणि सगळे दाणे एकसारखे, मोतीदार.

साहेबांनी तो नमुना उजेडात धरला, दोन बोटांत चोळला. मग खिशातलं पेन काढून फॉर्मवर अनुभवाच्या रकान्यात आधी बावीस लिहिले, खाली चार लिहिले, रेघ मारली आणि बेरीज केली: सव्वीस वर्षे. कारकुनाला म्हणाले, "आता घ्या."

त्या रविवारी तुमच्या घरी पुरणपोळ्या होत्या. मामी चुलीपुढं हसून हसून लाल झालेल्या. म्हणाल्या, "आवो, पॅनमनला रोज सही करावी लागती म्हनं. माज्या पोळपाटावर पीठ पसरून गिरवत बसत्यात, मला पोळ्या लाटू देईनात." तुम्ही पिठाचं बोट पाठीमागं लपवलंत. मी आयुष्यात इतका क्वचितच हसलो असेन. पुढं तुमच्या हाताखाली किती पॅनमन तयार झाले, आणि त्यातले दोघं गुऱ्हाळावरचेच. त्यांचे फॉर्म भरताना कोणी काही विचारलं नाही.

तुम्ही निवृत्त झालात तरी, अगदी जाईपर्यंत, भेटेल त्याला सांगायचात, "ह्या सायबांनी माजं गुऱ्हाळ कागदावर आनलं." मी मान खाली घालायचो आणि लोकांना तो विनय वाटायचा. मामा, तुमचं नाव मी सुचवलं नव्हतं. ते चीफसाहेबांनी सुचवलं होतं, आणि मी त्यांना म्हणालो होतो, अडाणी माणसाच्या हातात पॅन नको. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग फॉर्म तुम्हीच भरून आणा." म्हणून मी आलो होतो त्या दिवशी तुमच्याकडे. पन्नास वर्षं झाली, हे कुणाला सांगितलं नाही. हा कागद आता घडी करून ठेवून देतो, पाठवायला पत्ता नाहीच. पण तुमचे ते आभार माझे नव्हते. गोड लागायचे, म्हणून घेत राहिलो.