ब्रॅकनरिज डॉट एयू : पहिला हक्क माझा

२४ मार्च २०२२, गुरुवार. सकाळी.
आज इतिहास घडला. ग्लेनिसला सांगितलं. ती टोस्टला व्हेजिमाइट लावत होती, म्हणाली, हं. बायकोला इतिहास कळायला वेळ लागतो.
आजपासून ऑस्ट्रेलियात वेबसाइटचं नाव आखूड करता येणार. मधलं 'कॉम' गळलं. नुसतं ब्रॅकनरिज डॉट एयू. ज्यांच्याकडे ते नाव लांब शेपटीसकट आधीपासून आहे, त्यांचा पहिला हक्क. अर्जाला सप्टेंबरपर्यंत मुदत. ब्रॅकनरिज डॉट कॉम डॉट एयू कोणाचं? माझं. मर्व्हिन ब्रॅकनरिज : गळ, दोऱ्या, आमिष, बर्फ. पोर्ट मॅलिगनमध्ये ब्रॅकनरिज म्हणजे मीच.
'नेट' शेपटीवालं नाव लायलकडे आहे. धाकटा भाऊ. धक्क्यावर होड्या भाड्याने देतो. बापाने जाताना दुकान मला दिलं, होड्या त्याला. आडनाव कोणाला, ते सांगायचं राहिलं. ते आता मी ठरवणार.
लायलला कॉम्प्युटरचं बटण कुठे असतं तेही माहीत नाही. त्यामुळे काळजीचं कारण नाही.

२९ मार्च, मंगळवार.
स्ट्रॅटेजी ठरली. अर्ज आत्ता करायचा नाही!
कारण : कोणी अर्ज केलाय हे वेबवर सगळ्यांना दिसतं. मी घाई केली की लायल सावध होणार. म्हणून शेवटच्या दिवशी झडप घालायची. शुद्ध गनिमी कावा.
ग्लेनिस म्हणाली, मर्व्ह, दोन मिनिटांचं काम आहे, आत्ताच करून टाक आणि छपराचं गटार साफ कर. दुकानाचे हिशेब, बिलं, ईमेल सगळं तीच बघते, म्हणून तिला वाटतं धंदा तिला कळतो. तिची दृष्टी गटारापर्यंतच.
निश्चय : गटार शनिवारी.

२ जुलै, शनिवार.
लायल बर्फ न्यायला आला होता. चार फ्लॅटहेड घेऊन आला, साफ करून, पिशवीत घालून. म्हणाला, काय रे, चेहरा का असा, दात दुखतोय का? मी स्क्रीन झाकली आणि गप्प राहिलो. मासे ठेवून गेला बिचारा. याला म्हणतात मानसिक दबाव.
मासे चांगले होते.
गटार तुंबलंय. पावसाळी हवेत त्याला हात लावण्यात अर्थ नाही.

२० सप्टेंबर, मंगळवार.
झडप घातली. म्हणजे पासवर्ड आठवेना, तेव्हा ग्लेनिसने उघडून दिलं, माहिती तिनेच भरली, पण शेवटचं बटण मी दाबलं.
मग यादी बघितली. लायलचा अर्ज तिथे एप्रिलपासून बसलाय!
साप. सख्खा भाऊ. फ्लॅटहेड घेऊन येत होता आणि आत हे शिजत होतं. होड्यांवर बसून भोळा चेहरा करणारा माणूस एवढा पोहोचलेला असेल असं वाटलं नव्हतं.
नियम वाचला. दोघांची नावं जुनी, म्हणून दोघांचा हक्क सारखा. एकाने माघार घेईपर्यंत नाव कुलुपात. शिवाय दरवर्षी अर्जाचं नूतनीकरण, नाही केलं तर तुम्ही बाद.
ग्लेनिस म्हणाली, मग त्याला फोन कर ना. तुझा भाऊ आहे, पुतिन नाही.
फोन? वाटाघाटीत जो आधी तोंड उघडतो तो हरतो. हे मी गाडीत रेडिओवर ऐकलंय, मोठा माणूस बोलत होता. लायलला बोलू दे आधी.

१ नोव्हेंबर, मंगळवार. कप डे.
आजचा दिवस जपून लिहितो.
मेलबर्न कपची शर्यत बघायला सगळं गाव पबमध्ये. लायलने मला हाक मारली, ये रे म्हाताऱ्या, तुझ्यासाठी जागा धरलीय. वाटाघाटीचं टेबल! लायल, मी आणि धक्क्यावरचा कॉलिन. सगळ्यांच्या बिअरचा पहिला राउंड लायलने घेतला. तो फ्लॅटहेडबद्दल बोलला. मी गप्प. दुसरा राउंड कॉलिनने घेतला. लायल नोरीनच्या गुडघ्यांबद्दल बोलला. मी गप्प. नोरीन त्याची बायको. डॉट एयूचं नावसुद्धा काढलं नाही पठ्ठ्याने. काय पोलादी नसा आहेत! मला मनातून कौतुक वाटलं.
शर्यत झाली. माझा घोडा अजून धावतोय बहुतेक. ग्लास रिकामे झाले. लायल माझ्याकडे बघून हसला, म्हणाला, चल मर्व्ह, आता तू.
हाच तो क्षण. मी उभा राहिलो, टोपी घातली आणि एक शब्द न बोलता बाहेर पडलो. पबमध्ये एकदम शांतता. रेडिओवरचा माणूस म्हणाला होता, समोरच्याला धक्का द्यायचा तर टेबल सोडून उठा.
धक्का बसला. मी वळून बघितलं नाही, पण बसला.

५ नोव्हेंबर, शनिवार.
गाव लायलने फितवलंय. कॉलिनने शनिवारच्या मासेमारीला बोलावलं नाही. न्हावी स्टॅव्हरोस माझे केस कापताना पूर्ण वेळ भिंतीशी बोलत होता. पबच्या मालकिणीने तर सरळ विचारलं, का हो, पाकीट विसरला होता की लाज?
ग्लेनिस म्हणाली, दुसऱ्यांची बिअर प्यायची आणि स्वतःचा राउंड आला की पळायचं? या गावात माणसं बायका सोडून जातात, त्यांना लोक माफ करतात. हे नाही करत. जा, पबमध्ये सगळ्यांना एकेक पाज आणि लायलला सॉरी म्हण.
सॉरी म्हटलं की हक्क गेला. तिला समजावून सांगितलं. ती गटार साफ करायला शिडीवर चढली.

२५ डिसेंबर, रविवार.
ख्रिसमस. लायल आणि नोरीन जेवायला आले नाहीत. नोरीनने ग्लेनिसला कळवलं, तब्येत बरी नाही. दरवर्षी मागच्या अंगणात आम्ही दोघे भाऊ कोळंबी सोलतो, कोण जास्त सोलतो यावर भांडतो. यंदा मी एकट्याने सोलली. साहजिकच मीच जिंकलो.
कोळंबी उरली बरीच. ग्लेनिस म्हणाली, रडतोयस का? म्हटलं, लिंबू उडालं डोळ्यात.
दबाव काम करतोय. माणूस घाबरल्याशिवाय ख्रिसमसचं हॅम सोडत नाही.

१४ जून २०२३, बुधवार.
नवी स्ट्रॅटेजी. आतापर्यंतची सर्वात भारी.
लायलला असं भासवायचं की मला त्या नावात रसच उरला नाही. मग तो ढिला पडणार, सप्टेंबरमध्ये नूतनीकरण विसरणार, नाव माझ्या ओटीत.
म्हणून आज स्टॅव्हरोसकडे मोठ्याने बोललो, डॉट एयू? पोरखेळ आहे, मला नको. बेकरीत बोललो. लॉन बोल्सच्या मैदानावर, हिरवळीवर गोळे घरंगळवताना बोललो. घरी जेवताना सराव म्हणून ग्लेनिसलाही ऐकवलं, मेलं ते नाव, आपल्याला काय करायचंय. चेहरा इतका जमला की ग्लेनिसने माझा हात धरला. म्हणाली, देवा, आलं एकदाचं शहाणपण.
तीसुद्धा फसली! मी नाटकात जायला हवं होतं.

२६ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी.
यादी बघितली. दोनातला एक अर्ज गायब. नाव कुलुपातून सुटलं. म्हटलं, आलं! शँपेन नव्हती, जिंजर बिअर उघडली.
मग नीट बघितलं. नाव लायलला गेलंय. गायब झालेला अर्ज माझा.
ग्लेनिसला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, हो, नूतनीकरणाचा ईमेल आला होता, मी नको म्हणून कळवलं. तूच नाही का सांगत फिरत होतास? बेकरीवालीने माझं अभिनंदन केलं, बाई, तुमचा नवरा बरा झाला म्हणून.
अभिनय जास्त चांगला झाला. एवढंच चुकलं.

८ ऑक्टोबर, रविवार.
ग्लेनिसने गाडीत घातलं आणि लायलच्या दारात उतरवून दिलं. म्हणाली, बोलल्याशिवाय घरी येऊ नकोस.
आत सगळीकडे खोकी. लायल कप वर्तमानपत्रात गुंडाळत होता. मी छाती पुढे काढून म्हटलं, ठीक आहे, जिंकलास तू. नाव तुझं.
तो म्हणाला, कुठलं नाव?
मला वाटलं, अजून नाटक करतोय. सगळं सांगितलं. डॉट एयू, पहिला हक्क, कप डे, टेबल सोडणं. तो खोक्यावर बसला. नोरीनला हाक मारली. ती म्हणाली, अय्या, ते होय? वेबसाइटवाला पोरगा मेल पाठवतो, मी 'हो' दाबते. त्याचं काय?
लायल म्हणाला, मर्व्ह, वर्षभर मी डोकं खाजवतोय, माझं काय चुकलं. सगळ्यांसमोर उठून गेलास. मला वाटलं, बाबांच्या होड्यांवरून अजून मनात आहे तुझ्या. तुला ते नाव हवं होतं तर मागायचं ना. त्याच दिवशी दिलं असतं. मला काय लोणचं घालायचंय त्याचं?
म्हटलं, मग आता दे.
तर म्हणे, शुक्रवारीच सही झाली. होड्या, धक्का, फोन नंबर, वेबसाइटची नावं, सगळं विकलं. मेलबर्नचा कोणी प्रेंटिस आहे. आम्ही चाललो क्वीन्सलँडला, नोरीनच्या गुडघ्यांना उबदार हवा लागते.
मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस?
तो म्हणाला, कसं सांगणार? तू बोलत कुठे होतास?
पुढची स्ट्रॅटेजी काही सुचली नाही. खोकी उचलायला हात लावला, तर म्हणाला, राहू दे, सामान हलवणारी माणसं येणार आहेत.

१३ नोव्हेंबर, सोमवार.
प्रेंटिस बर्फ न्यायला आला. तरुण आहे, बूट कोरे. शर्टाच्या खिशावर भरतकाम : ब्रॅकनरिज डॉट एयू. बोलायला गोड.
माझ्या दुकानाची पाटी बघून म्हणाला, काय योगायोग! तुम्हीपण ब्रॅकनरिज? आमच्या ब्रॅकनरिजशी काही नातं?
म्हटलं, सख्खा भाऊ.
असं का, म्हणाला. दोन महिने रोज भेटत होतो, लायल कधी बोलले नाहीत, भाऊ आहे म्हणून.
म्हटलं, आमच्यात तशी पद्धत नाही.
बर्फाच्या दोन पिशव्या घेऊन गेला.