तुझा उजवा कान

आई, तुझ्या उजव्या कानाची गोष्ट मी आजवर कुणाला पुरती सांगितलेली नाही. नवऱ्याला अर्धी माहीत आहे, आणि तिला त्याहून कमी. ती म्हणजे कोण, हे तुला सांगायला नको. पण लिहायचंच ठरवलं आहे तर नीट लिहिते. तुझ्या उपकेंद्रावर तुझ्या हाताखाली आलेली ती वडगाव निंबाळकरची तरुण नर्स. पहिल्या आठवड्यातच तू तिला ‘पोरी’ म्हणायला लागलीस. मला तू कधी पोरी म्हटल्याचं आठवत नाही. मला तू नावानं हाक मारायचीस, तीही पूर्ण नावानं, हजेरी घ्यावी तशी.

आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस. त्यांनी तुला शिकवलं, तू नर्स झालीस. बाबा वालचंदनगरच्या कारखान्यात होते. मी तिसरीत असताना ते गेले, आणि आपण कळंबजवळच्या वाडीवर, उपकेंद्राला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहायला आलो. त्या घराचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तू भाकरी थापते आहेस, मी पाटावर बसले आहे, आणि दारात कुणीतरी सायकल टेकवून म्हणतो, ‘‘बाई, चला, कळा चालू झाल्यात.’’ तव्यावरची भाकरी तशीच माझ्यावर सोडून तू हात धुतेस आणि निघतेस. एकदा मी तुझी ठोके ऐकायची नळी पिठाच्या डब्यात लपवली. पोटावर टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावायचा, ती अॅल्युमिनियमची, छोट्या कर्ण्यासारखी नळी. ती नसली की तू जाणार नाहीस, असं मला वाटलं होतं. तू ती शोधून काढलीस, पिठाच्या हातानंच माझ्या थोबाडीत दिलीस आणि म्हणालीस, ‘‘तितं एक बाई मरायला टेकलीय अन् तुला खेळ सुचतोय व्हय?’’ मी खेळत नव्हते. पण ते तुला सांगण्याइतकी मोठीही नव्हते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी बारामतीत एका हायस्कूलच्या ऑफिसात कारकून होते, संसार होता, महिन्यातून एखाद्या शनिवारी तुझ्याकडे यायचे. तशीच एकदा आले आणि कपाटामागे मला एक मोठं पाकीट दिसलं. डोक्याच्या एमआरआयच्या फिल्मा. वर तुझं नाव, खाली पुण्याचा पत्ता. मी विचारलं तेव्हा तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, ‘‘कानात जरा गाठ हाय. कॅन्सरबिन्सर न्हाय.’’ मग एकेक कळत गेलं. पाच महिन्यांपूर्वी एका बाईच्या पोटावर नळी लावून तू उजवा कान टेकवलास आणि तुला काहीच ऐकू आलं नाही. तू घाबरलीस, बाळ गेलं असं तुला वाटलं. ती शेजारी होती. तिनं कान लावला आणि म्हणाली, ‘‘बाई, ठोकं तर झकास पडत्यात.’’ मग तू डावा कान लावलास, आणि ठोके होते. त्या दिवशी तुला कळलं की दोष आपल्या कानात आहे. ते तिलाही कळलं. तीच तुला इंदापूरला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, तीच रजा टाकून पुण्याला आली, त्या मशीनच्या बोगद्यात तुला घातलं तेव्हा बाहेर बाकावर तीच बसली होती.

‘‘मला का नाही सांगितलंस?’’

‘‘तुला कशाला घोर? पोरगी हुती की संगं.’’

आई, गाठ ऐकून मी हादरले हे खरं आहे. पण त्या संध्याकाळी एसटीत बसून बारामतीला येताना मी गाठीचा विचार करत नव्हते. मी त्या बाकाचा विचार करत होते. ती तिथं किती वेळ बसली असेल, तू बाहेर आल्यावर पहिलं काय बोललीस, तिनं तुला चहा आणून दिला का, तू तिच्या खांद्याला धरून चाललीस का. तुला तेव्हा चालताना झोक जायचा. मला तो दिसलाही नव्हता.

त्यानंतर मी सगळं माझ्या हातात घेतलं. शाळेतल्या एका शिक्षकांच्या ओळखीनं पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळवली, तुला चार दिवस आधी बारामतीला आणून ठेवलं. तिचं म्हणणं तू मला दिवसातून दहादा ऐकवायचीस. ‘‘ती म्हणती, थांबून बघता येतंय. गाठ लहान हाय. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला तिनं इचारलंय.’’ मला ते थांबणं पटत नव्हतं, असं मी तेव्हा म्हणत असे. खरं म्हणजे ती थांबा म्हणत होती एवढंच मला पुरलं. ती कापा म्हणाली असती तर मी थांबायचं धरून बसले असते.

सोमवारी शाळेत तिचा फोन आला. वालचंदनगरच्या एसटीडी बूथवरून. ‘‘ताई, बाईंना कवा दाखवायचंय? मी येतीया. मला डॉक्टरला दोन-चार गोष्टी इचारायच्या हायेत.’’ वेळ बुधवारची होती. समोर कॅलेंडर होतं, त्यावर मीच बुधवारभोवती गोल केला होता. मी म्हणाले, ‘‘गुरुवारी.’’ ती म्हणाली, ‘‘बरं ताई,’’ आणि फोन ठेवला. इतकं सोपं असतं ते.

बुधवारी हॉस्पिटलच्या दारात तू मागं वळून बघत होतीस. ‘‘ती आली न्हाय अजून?’’ मी म्हणाले, ‘‘आज तिचं लसीकरण आहे म्हणे. नाही जमायचं.’’ तू माझ्याकडे पाहिलंस आणि आत चालू लागलीस. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी कागदावर चित्र काढलं, कानाकडून मेंदूकडे जाणारी नस, तिच्यावर वाटाण्याएवढी गाठ. म्हणाले, सावकाश वाढणारी आहे, पण जागा अडचणीची. सहा महिने थांबून पुन्हा एमआरआय करता येईल. मुंबईला किरणांचं मशीन आहे, डोक्याला चौकट बसवून एका दिवसात किरण देतात. गाठ निघत नाही, पण बहुतेकांची वाढ थांबते, ऐकणं मात्र हळूहळू उतरू शकतं. नाहीतर ऑपरेशन. ‘‘मी ज्या वाटेनं करतो त्यात गाठ निघते, पण त्या कानाचं उरलेलं ऐकणं जातं. आणि चेहरा हलवणारी नस गाठीला चिकटलेली असते. ती दुखावली तर चेहरा एका बाजूला ओढला जातो. काही महिने, कधी कायमचा.’’ मग पेन खाली ठेवून म्हणाले, ‘‘तुमच्या बाबतीत तिन्ही गोष्टी शक्य आहेत. घाई अजिबात नाही. घरी जा, बोला, आठवड्याभरात कळवा.’’

तेव्हा तू दाराकडे पाहिलंस. एकदाच. मग माझ्याकडे वळलीस, डावा कान माझ्या बाजूला करून, आणि म्हणालीस, ‘‘तू काय म्हणतीस?’’

माझं लग्न, माझी नोकरी, कशातही तू मला विचारलं नव्हतंस. मी छत्तीस वर्षांची होते आणि माझी आई मला पहिल्यांदा विचारत होती. मला आनंद झाला, आई, त्या खोलीत, त्या चित्रासमोर. उद्या गुरुवार होता. उद्या ती येणार, तू पुन्हा तिचं ऐकणार. मी म्हणाले, ‘‘काढून टाक. एकदाची कटकट नको.’’ तू मान हलवलीस आणि डॉक्टरांना म्हणालीस, ‘‘मुलगी म्हणती तसं करू.’’ त्यांनी पुन्हा विचारलं, घरी बोलायचं नाही का? मीच म्हणाले, ‘‘बोलणं झालंय.’’ तिथल्या तिथं तारीख घेतली.

गुरुवारी तिन्हीसांजेला ती बारामतीच्या घरी आली. सकाळपासून पुण्याच्या त्या हॉस्पिटलात या मजल्यावरून त्या मजल्यावर शोधत फिरली होती. घामानं साडी पाठीला चिकटली होती. हातात पिशवी, पिशवीत वांगी आणि गवार, तिच्या वडिलांच्या शेतातली. आणि एक घडी घातलेला कागद. मी म्हणाले, ‘‘अगं, बुधवार सांगितला होता. फोनवर नीट ऐकू आलं नसेल.’’ तिनं क्षणभरही संशय घेतला नाही. ‘‘व्हय ताई, खरखर लय हुती. माझंच चुकलं.’’ तू खाटेवर बसून हे ऐकत होतीस. ऑपरेशनचं सांगितलं तेव्हा तिनं पिशवी खाली ठेवली. मग तो कागद तुझ्या हातात दिला आणि म्हणाली, ‘‘आता काय उपेग न्हाय, पण लिवलं हुतं.’’ तू तो वाचलास. नंतर मीही वाचला. ‘सहा महिने थांबलं तर काय धोका? दुसऱ्या वाटेनं ऑपरेशन करून कान वाचेल का? डोळा मिटला नाही तर काय काळजी घ्यायची? बाईंना अजून तीन वर्षं नोकरी करायची आहे, नळीनं ऐकता येईल का?’ यातलं एकही मी विचारलं नव्हतं. शेवटचं तर मला सुचलंही नसतं.

गाठ पूर्ण निघाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढंच झालं, जास्त काही नाही. उजव्या कानाचं ऐकणं गेलं, चेहऱ्याची उजवी बाजू खाली आली. उजवा डोळा मिटेना. मी तुला माझ्याकडे आणलं, रजा काढली. तासातासाला डोळ्यात थेंब घालायचे, झोपताना पापणीवर पट्टी चिकटवायची, पेज भरवताना डाव्या बाजूनं भरवायची आणि उजवीकडून ओघळ आला की पुसायचा. शेजारणी म्हणायच्या, लेक असावी तर अशी. मी तुला भिंतीला धरून चालवत न्यायचे आणि आतून तृप्त असायचे. तू कुठं जाणार नव्हतीस. दारात सायकल टेकवून तुला कुणी बोलावणार नव्हतं.

पण रविवारी ती यायची. कळंबहून गाडी बदलून, भाजीची पिशवी घेऊन. तुझ्या डाव्या हाताला बसायची आणि वाडीवरच्या गोष्टी सांगायची, कुणाला मुलगी झाली, कोण पोलिओच्या डोसाला पोरगं लपवून बसली. आणि तू हसायचीस. मी आत कणीक मळत असायचे. तुझं ते अर्ध्या तोंडाचं, हवा सुटल्यासारखं हसू आतपर्यंत यायचं. माझ्यासमोर तू त्या चेहऱ्यानं कधी हसली नाहीस. मी एकदा पदराला हात पुसत बाहेर आले तर तुझा हात तिच्या मांडीवर होता, आणि ती तुला ‘आई’ म्हणाली. बाई नाही, आई. मी म्हणाले, ‘‘दमलीय ती, आता पडू दे तिला.’’

ती गेल्यावर तू मला जवळ बोलावलंस. ओठ अजून नीट हलत नव्हते, शब्द घसरत यायचे. म्हणालीस, ‘‘आपल्या उपकेंद्राचं लसीकरण मंगळवारी असतंय. वीस वर्सं मंगळवारीच हाय. तुला म्हाईत न्हाय?’’

मला माहीत नव्हतं. त्या दोन खोल्यांत मी वाढले आणि तुझ्या कामाचा वार मला माहीत नव्हता.

‘‘मग तेव्हाच का नाही बोललीस?’’

तू पदरानं तोंडाची उजवी कड पुसलीस. मग म्हणालीस, ‘‘खोटं बोलून का हुईना, तू माझ्याशेजारी येऊन बसलीस. म्हटलं, एकदा हिचं ऐकू.’’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तुझा हात धरला असता, धरणारच होते. तेवढ्यात तू म्हणालीस, ‘‘तिला मातर सांगू नगंस. तिला वाईट वाटंल.’’

मी उठले आणि भांडी घासायला गेले. आई, खरं सांगते, त्या भांड्यांशी मी रडले ते तुझ्या कानासाठी नव्हे.

चेहरा दीड वर्षात बराचसा वर आला. नोकरी तू आधीच सोडलीस. थांबली असतीस तर कान राहिला असता का, गाठ वाढली असती का, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत, मी विचारून पाहिलं. नऊ वर्षांनी तू गेलीस ती हृदयविकारानं, माझ्याच घरात. ती आली. वंदना झाल्यावर स्वयंपाकघरात माझ्या शेजारी उभं राहून तिनं आल्यागेल्यांचा चहा केला. माझ्या घरातली साखर कुठं असते ते तिला ठाऊक होतं.

मागच्या महिन्यात ती पुन्हा आली होती. आता तिचे केस पांढरे झालेत, तीही निवृत्त होते आहे. उपकेंद्रात निरोपाचा कार्यक्रम आहे, तिथं तुझा फोटो लावायचा म्हणते. ‘‘ताई, माझ्याकडं आईंचा एकबी न्हाय. तुमच्याकडं आसंल तर द्या.’’ मी म्हणाले, होते ते ओलीनं खराब झाले. ती म्हणाली, ‘‘राहू द्या मग,’’ आणि उठली. फोटो आहेत, आई. तीन आहेत, चांगले आहेत, हे लिहिताना टेबलावर पसरले आहेत. कार्यक्रम परवा आहे. मी अजून तिला फोन केलेला नाही.