अनोळखी कार्डाची हजेरी

बाई, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या आळीत कॉम्प्युटर कुणाकडेच नव्हता, म्हणून आधी थोडं समजावून सांगतो. गेले तीन आठवडे मी जिच्या नादी लागलो होतो ती वस्तू म्हणजे तळहाताएवढी एक हिरवी पट्टी. तिला टीव्ही ट्यूनर कार्ड म्हणतात. ती कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची, मागून वायर जोडायची, की टीव्हीचं चित्र कॉम्प्युटरवर येतं. नोकरीत असताना हौसेने घेतली होती. आता छपरावरच्या अँटेनाने पकडावं असं आभाळात फारसं काही उरलेलं नाही. पण त्या पट्टीला एक पिवळं भोक आहे, त्यातून व्हिडिओ कॅसेटचं चित्रही आत जातं, आणि मला तेवढंच हवं होतं. आमची ही म्हणाली, "बाहेर भिंतीएवढा टीव्ही टांगलाय, तो सोडून पेटीच्या आत कसला टीव्ही शोधताय?" मी म्हटलं, बाईंना शोधतोय. त्या दुपारी माझ्या चहात आलं पडलं.

कॅसेट तुमच्या निरोप समारंभाची. शाळेचा हॉल, टेबलावर कुणाच्या तरी घरून आणलेला जरीकाठी शेला, आणि तुम्ही मोरपंखी काठाच्या पांढऱ्या साडीत. आपल्या वर्गातला मिठागरवाला शूटिंग करत होता. बापाचं मिठागर भावांवर सोडून त्याने लग्नाच्या शूटिंगचा धंदा धरला होता. तुम्ही त्याला सगळ्यांदेखत म्हणालात, "तो दिवा डोळ्यांवर मारू नकोस रे, मी काही नवरी नाही." घरी कॅसेटचं मशीन असलेला त्या बॅचचा मी एकटाच, म्हणून कॅसेट माझ्या हाती दिलीत आणि विचारलंत, "सांभाळशील ना?" मी मान हलवली. दोनच वर्षांनी क्रिकेटची एक फायनल आली, घरात कोरी कॅसेट नाही, दुकानं बंद. पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरचं टोक मोडून ठेवलेलं असतं, तिथे मी चिकटपट्टी लावली आणि तुमच्यावर मॅच टेप केली. अजाणता केलं असं म्हणणार नाही. थोडंच जाईल असं वाटलं होतं. पुढे पुरात गाढी नदीचं पाणी आमच्या तळमजल्यात कमरेपर्यंत चढलं, तेव्हा मला आयतं कारण मिळालं. जो विचारेल त्याला मी सांगू लागलो, कॅसेट पुरात गेली. खरं म्हणजे ती माळ्यावर कोरडी होती. तिच्यात तुम्ही किती उरला आहात हे पाहायचा धीर मला कधी झाला नाही.

गेल्या महिन्यात भाजी बाजारात तुमची लेक भेटली. नवीन पनवेलहून ती अजून अळूच्या पानांसाठी जुन्या बाजारात येते. तीही आता साठी ओलांडून गेली, बाई, आणि चष्मा कपाळावर चढवायची लकब थेट तुमची. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर पिशवी खाली ठेवत म्हणाली, "दादा, एक गंमत सांगू का? मला आईचा चेहरा आठवतो, हात आठवतात, आवाज आठवत नाही. आठवायला गेलं की माझाच आवाज येतो." आणि हसली. मी सुकलेल्या कोथिंबिरीसारखं तोंड करून उभा. घरी आलो तो तडक माळ्यावर चढलो.

मशीन आता मिळतं कुठे? मिठागरवाल्याला फोन केला. तो उरणच्या रस्त्याला मुलांच्यात राहतो.

"मशीन हाय. चालू पन हाय," तो म्हणाला. "पन कॅसेट पुरात गेली बोललेलास ना तू?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मॅच टेप केलीस ना रं तिच्यावर?"

"तुला कसं कळलं?"

"कोरी कॅसेट मागायला माज्याच दारात आलेलास. मी नाय बोललो, तरी दुसऱ्या दिवशी चौकात, या रे मॅच दाखवतो, म्हणून फिरत व्हतास. आमी काय येडे हाव?" मग आवाज बदलून म्हणाला, "ऐक. बुरशी धरली असंल तिला. एकदा फिरंल, दुसऱ्यांदा तुटंल. आदी दुसऱ्या कॅसेटवर सगलं जमव, मंगच बाईंना हात लाव."

म्हणून त्याचं मशीन घरी आणून आधी हिच्या भाचीच्या लग्नाची कॅसेट लावली आणि कार्डाच्या मागे लागलो. माझ्या जुन्या कॉम्प्युटरला चालवतो तो लिनक्स नावाचा प्रोग्रॅम. तो चालू होताना आपण काय काय करतोय ते ओळीमागून ओळ स्वतःशी म्हणत जातो, सकाळच्या वर्गात पोरं पाढे म्हणत तसा, म्हणून मला आवडतो. पण कार्ड लावलं तर पडद्यावर नुसता निळा रंग. चार दिवस मी वायरी काढल्या आणि घातल्या. पाचव्या दिवशी तुमचा नियम आठवला. कविता अडली की तुम्ही म्हणायचात, "तीनदा मोठ्याने वाचा, मग मला विचारा." मी लिनक्सच्या त्या ओळी बाहेर काढल्या आणि खुर्चीत ताठ बसून मोठ्याने वाचल्या. पहिल्यांदा काही कळलं नाही. दुसऱ्यांदा लय सापडली. तिसऱ्यांदा मधली एक ओळ कानाला टोचली. तिथे इंग्रजीत सरळ लिहिलं होतं की हे कार्ड कुठलं ते मला ओळखता येत नाही, तुम्हाला त्याचा क्रमांक माहीत असेल तर सांगा. बिचारा पहिल्या दिवसापासून मला विचारत होता.

बनवणाऱ्याने त्या कार्डात त्याची ओळखच लिहून ठेवली नव्हती. लिनक्सकडे मात्र अशा कार्डांची दीडशेच्या वर नावांची यादी आहे, प्रत्येकाला हजेरी क्रमांक. मग मी हजेरी घ्यायला बसलो. एक क्रमांक सांगायचा, कार्ड पुन्हा जागं करायचं, लग्नाची कॅसेट फिरवायची, चित्र बघायचं. कुठे निळं, कुठे मुंग्या, एका क्रमांकाला हिरवे पट्टे. ही येता-जाता दारातून विचारायची, "आज कितवा?" मी म्हणायचो, "एकेचाळीस. गैरहजर." तुम्ही हजेरी घेताना नाव वाचून क्षणभर थांबायचात आणि गैरहजर पोराच्या बाकाकडेही बघायचात. मीही तसाच थांबू लागलो. अशा नवव्या दुपारी, मी क्रमांक सांगून चष्मा पुसत होतो, आणि ही दारातून म्हणाली, "अगंबाई, तुमच्या डोक्यावर केस होते."

पडद्यावर लग्नाची पंगत होती. काळीपांढरी आणि खालून वर सरकत जाणारी, पण पंगत. मी वाढपी, हातात जिलबीचं ताट, आणि ते ताट छतातून निघून पुन्हा जमिनीतून उगवत होतं. आम्ही दोघं इतके हसलो की शेजारीण डोकावून गेली. कार्ड अमेरिकेच्या पद्धतीने चित्र वाचत होतं. आपल्याकडची पद्धत सांगितल्याबरोबर पंगत स्थिर झाली आणि जिलबीला केशरी रंग चढला.

आवाज मात्र नाही. आवाजाची वायर मशीनमधून वेगळी काढून कॉम्प्युटरच्या कानात घातली होती, तरी भटजी नुसते ओठ हलवत होते. त्यात तीन दिवस गेले. मला धडकी भरली होती, बाई. चेहरा तुमच्या लेकीला आठवतोच. मुकी कॅसेट मी तिला काय म्हणून दाखवू? शेवटी आवाज कमी-जास्त करायची पाटी उघडून तीही मोठ्याने वाचली. तिच्यावर आवाजाचे उभे खांब, एकेका खांबाखाली त्याचं नाव होतं, आणि माझ्या वायरीच्या खांबाखाली बारीक अक्षरात 'एम एम' लिहिलेलं. म्हणजे म्यूट, तोंडावर बोट. लिनक्स कुठलीही नवी वाट आधी अशीच मुकी ठेवतो. ती उघडायला 'एम' हे एकच अक्षर दाबायचं असतं. दाबलं, आणि घरभर सनई.

एकच अक्षर. तुमची रीत आठवून मी तसाच बसून राहिलो. कविता म्हणताना कुणी अडला तर तुम्ही ना रागवायचात, ना ओळ सांगायचात. पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर द्यायचात आणि म्हणायचात, "अक्षर माझं, शब्द तुझा." पुस्तकातल्या कवितांत आपलं गाव नाही म्हणून तुम्ही स्वतःच एक बांधली होती. ती अख्ख्या वर्गाला पाठ होती:

खाडीच्या काठाला उन्हाची शाळा,
पाण्याने गिरवला मिठाचा फळा.
वाऱ्याने पुसला, भरतीने भिजला,
तरीही सकाळी लख्ख उजळला.

रविवारी दुपारी तुमची लेक आली. मिठागरवालाही आला, कुणाला कापसाला हात लावू न देता मशीन स्वतःच पुसत बसला. कॅसेट लावण्याआधी मी तिला सगळं सांगितलं, मॅचचं, पुराचं, इतक्या वर्षांच्या खोट्याचं. तिने ऐकून घेतलं. चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाली, "लावा तर खरं. काही नसलं तर मॅच बघू."

मॅच सुरू झाली. फलंदाज पुढे येतोय, मागे जातोय, आणि मी घड्याळ बघतोय. अर्धा तास. पाऊण तास. मिठागरवाला पुटपुटला, "आउट हो रं मेल्या." मला कानकोंड्यासारखं झालं, मी पुढे पळवायला हात घातला, तर तुमच्या लेकीने तो धरला. "नको दादा. ताण पडून तुटायची. आणि आई स्टाफरूममध्ये ट्रान्झिस्टर कानाला लावून बसायची, तुम्हाला नाही माहीत? षटक संपायच्या आत तिच्याशी बोलायची सोय नव्हती. संपू दे तिची मॅच."

मग बक्षिसं वाटली गेली, चित्र फाटलं, मुंग्या आल्या. मी डोळे मिटून घेतले. कानावर आलं, "…आणि मागच्या बाकावरचा तो कुठे आहे? तू म्हण."

तुम्ही. जराशा खरखरीत, घाईत नसलेल्या. तुमची लेक ताठ बसली. तिने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, वर्गात ठेवतात तसे. पडद्यावर तिशीतला मी उठतो, शर्ट खाली ओढतो आणि मिठागराची कविता म्हणू लागतो. तरीही सकाळी, इथवर येतो आणि थांबतो. हॉलमध्ये खसखस पिकते. तुम्ही माझ्याकडे बघता, आणि ओठांवर हसू येऊ न देता म्हणता, "ल."

"हा," तुमची लेक म्हणाली. "हाच. हाच आवाज." आणि अगदी तुमच्यासारखंच, "ल," म्हणून बघितलं तिने. मिठागरवाला नाक शिंकरायला गॅलरीत गेला.

अकरा मिनिटं उरला आहात, बाई. कॅसेट शेवटाला आल्यावर खरोखरच तुटली, पण तोवर सगळं कॉम्प्युटरवर उतरलं होतं. तुमच्या लेकीने ती अकरा मिनिटं संध्याकाळपर्यंत सहा वेळा लावायला लावली, आणि हिने सगळ्यांना पिठलं-भात वाढला. जाताना ती मला म्हणाली, "बरं झालं दादा, तुम्ही तिथे अडलात. नाहीतर आई नुसती ऐकत बसली असती."

मी तिला कोपऱ्यापर्यंत सोडून आलो आणि हे लिहायला बसलो. हे पत्र तरी कुठल्या पेटीत टाकणार? तुमच्या अकरा मिनिटांच्या शेजारी कॉम्प्युटरवरच ठेवतो. तिला सांगितलं नाही ते एवढंच तुम्हाला सांगायचं होतं. त्या दिवशी ओळ मला येत होती, बाई. लख्ख हा शब्द जिभेवर होता. तुम्ही उद्यापासून शाळेत नसणार म्हणून मी मुद्दाम थांबलो, आणखी एकदा तुमचं अक्षर मिळावं म्हणून.